सरळ न केलेलं बोट

सरनं माहं चित्र मोठ्या स्क्रीनवर लावलं अन् त्यातला हात झूम केला. दुकानात सहा जण होते. चार गिऱ्हाईक, दोन संगं काम करणारे. चित्रात एक बाई सूप धरून उभी होती. तिचे हात स्क्रीनभर झाले.

"ये हाथ है कि भिंडी का गुच्छा?" सर म्हणे.

सारे हसले. सर थांबला नाई.

"तुम लोग एक ही चेहरा बनाना सीखते हो, नीले कोट वाला। बाकी इंसान देखे कहाँ हैं?"

पुन्हा हसले. अन् मीबी हसली.

हे लपवत नाई. मीबी हसली.

सरचं डिझाईनचं दुकान बालाघाटच्या बाजारात होतं. लग्नपत्रिका, फ्लेक्स, शाळेचे बॅनर. मी दोन वर्षांपासून तिथं अक्षरं बसवत होती. भरवेलीच्या खाण कॉलनीतून सायकलनं येत होती. आम्ही बौद्ध. मी कोणाले सांगतलं नव्हतं, पण कोणत्या मोहल्ल्यातून येतं एवढं इचारलं की समजून जाते. सर मोठ्या शहरातून चित्रकला शिकून आलता. चित्र काढायचं काम तो स्वतःच करे. मी घरी मोबाईलवर बोटानं काढे, मंग आत्तेभावानं त्याचा जुना पेन टॅबलेट देल्ला. सुपावाली बाई त्याच्यावरचं पह्यलं पूर्ण चित्र. शाबासकी भेटीन म्हणून दुकानात आणलतं.

घरी येऊन फाईल डिलीट केली. सकाळी कचरापेटीतून परत काढली. कारण हात खरंच चुकले होते. त्यानं आमच्यावर थुंकलं ते येगळं, अन् माहा हात चुकला ते येगळं. या दोन गोष्टी येगळ्या करायले मले आठ दिवस लागले. तोवर पेन हातात घेतला की कानात ते हसणं येई.

चूक काय होती? मी झूम करकरून एकेक नख काढत होती. झूम कमी केलं की तळवा इवलासा, अंगठा भलत्याच जागी. अन् बोटं तरी कोणाचे? दुसऱ्याइच्या चित्रातले. गोरे, निमुळते. माह्या घरातला एक हात मी कधी नीट पाह्यला नव्हता.

रविवारी बाबा दारात बसले होते. माह्या बाबानं तीस वर्षं मॅंगनीजच्या खाणीत ड्रिल मशीन धरली. उजव्या हाताचं पह्यलं बोट सरळ होत नाई. नखाच्या कडेले काळं बसलं ते जातच नाई. मी म्हटलं, बाबा, हात दाखवा, काढायचे हाये. त्याइनं दोन्ही हात दुपट्ट्याखाली घेतले.

"माहे काय काढतं वं माय," बाबा म्हणे. "चांगल्या माणसाचे काढ."

माह्या बापाले आपले हात लपवायचं कोणं शिकवलं? त्या दिवशी दुकानात मले हसायचं ज्याइनं शिकवलं, त्याइनंच. पण मी एवढंच म्हटलं, मले हेच पाह्यजे. बाबानं हयूहयू हात गुडघ्यावर ठेवले.

मंग रोज कामावर जायच्या आधी एक हात. आधी पेन्सिलनं, रद्दी कागदाच्या मागं. तळवा पह्यले डब्यासारखा चौकोनी काढायचा. अंगठा मनगटाजवळून निघते, बोटाइच्या रांगेतून नाई, हे समजायलेच पंधरा दिवस गेले. मंग टॅबलेटवर. मांगं जायचं बटन मी बंद करून टाकलं. चुकलेली रेघ तशीच दिसू द्यायची. झूम नाई, पूर्ण हात डोळ्यासमोर. कणीक मळतानाचे आईचे हात. शेजारच्या काकूचे, बिड्या वळतानाचे. खराबच जास्त निघाले. चौथ्या महिन्यात एक दिवस बाबानं स्क्रीन पाह्यली अन् आपलं वाकडं बोट चित्रातल्या बोटाजवळ नेऊन ठेवलं.

त्याच दिवसाइत दुकानात एक काम आलं. खाणीच्या ठेकेदाराचा कार्यक्रम, कामगाराइचा सत्कार. पोस्टरवर कामगाराचे हात पाह्यजे होते. सरले जमून नव्हतं राह्यलं. मी माही फाईल उघडून देल्ली.

सर बराच येळ पाहत राह्यला. मंग म्हणे, "उँगली सीधी करो। रंग साफ करो। नीचे मेरा नाम डालो।"

मी इचारलं, माहं नाव काहून नाई?

"तुम्हारा सरनेम पढ़कर कौन टाँगेगा इसे?"

हे तो रागानं नाई बोलला. समजावल्यावाणी बोलला, जसं काही माह्या भल्याचंच सांगून राह्यला. संगचे दोघं माह्याकडं पाहत होते. या खेपेले कोणीच हसलं नाई.

"उँगली ऐसी ही है, सर। सीधी नहीं होगी। और नाम मेरा रहेगा। पूरा।"

सर म्हणे, असं असीन तर उद्यापासून येऊ नको. या शहरात तुले कोणी उभं नाई करणार.

मी माही फाईल त्याच्या कम्प्युटरवरून काढली, पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला, निघाली. सायकल चालवताना वाटलं, वापस जावं, माफी मागावी. नाई गेली.

सरचं बोलणं खरं निघालं. तीन दुकानात गेली, तिन्ही ठिकाणी त्याचा फोन माह्या आधी पोचला होता. चौकात पोस्टर लागलं. कुठून तरी उचललेले गोरे, गुळगुळीत हात, त्याइनं कधी दगड धरला नसीन. खाली सरचं नाव. कॉलनीतले लोक त्याच्यासमोर फोटो काढून राह्यलते. बाबा एकडाव पाहून आले, अन् दारात हात गुडघ्यावर ठेवून बसले.

सध्या काम नाई. पाय शिकून राह्यली. पाय हातापेक्षा कठीण, टाच जमतच नाई. बायका खदानीवरून घरी येतात तवा त्याइले थांबवते, पाय पाहते, काढते. दर चित्राच्या खाली नाव लिहिते, बापाचं नाव लावून, आडनावासकट, दुरून वाचता येईन एवढं मोठं. टाच चुकली तर पुसीन, शंभर डाव पुसीन. नाव नाई पुसणार.