वकीलसाहेबांची हराळी

मॅट्रिकच्या वर्षी मी परदेशात शिकायला होतो. म्हणजे उस्मानाबादला.

आता आमचं ईट भूम तालुक्यातलं, आणि तिथून उस्मानाबाद काही साता समुद्रापलीकडं नाही, हे मला मान्य आहे. पण आमच्या घरातून शिकायला म्हणून वेशीबाहेर पडलेला मी पहिलाच. शिवाय मोटार बार्शीवरून जायची, आणि निजामाच्या काळात बार्शी म्हणजे इंग्रजांचा मुलूख. वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, तिथं गाठोड्यांची झडती. राज्य विलीन झालं, नाका उठला, त्यालाही बरीच वर्षं लोटली. तरी बार्शी जवळ आली की आमचे वडील, आबा, गाठोडं मांडीवर घेऊन घट्ट धरून बसत. परदेश म्हणायला एवढं पुरे!

तर या परदेशी एकदा आबा आणि आई मला भेटायला आले.

मी राहायचो एका वकिलांच्या बंगल्याच्या आवारात, मागच्या एका खोलीत. वकीलसाहेबांची उमेदीतली सगळी वकिली निजामाच्या कोर्टात उर्दूतून झालेली. त्यामुळं त्यांची मराठी बोलता बोलता मधेच शेरवानी चढवायची. मला ते ‘बर्खुरदार’ म्हणत. (म्हणजे चिरंजीव. पण हा शब्द शिवी आहे की आशीर्वाद, हे कळायला मला सहा महिने लागले.) माणूस भला, पण त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता. बंगल्यासमोरच्या हिरवळीत! हैदराबादेतल्या कुठल्याशा बागेतून मुळ्या आणून त्यांनी ती स्वतः लावली होती. गावात पिण्याच्या पाण्याची मारामार, आणि इकडं विहिरीच्या बादल्यांवर बादल्या त्या गवताला. बाईसाहेबांची तुळस कडेला सुकत उभी. बाईसाहेब बोलत काही नसत. फक्त सकाळी तुळशीला प्रदक्षिणा घालताना हिरवळीवरून पाय जरा जोरात आपटत जात.

आबा आणि आई आले त्याच दिवशी संध्याकाळी वकीलसाहेबांकडं नवे जज्जसाहेब चहाला येणार होते. हिरवळीवर वेताच्या खुर्च्या टाकायच्या, असं आठ दिवसांपासून ठरलं होतं. वकीलसाहेब कोर्टात जाताना आबांना अगत्यानं म्हणाले, “तशरीफ ठेवा. घर आपलंच समजा.”

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

आबांना रिकामं बसता येत नाही. दुपारपर्यंत त्यांनी माझ्या खोलीचं दार खाली घासत होतं ते नीट केलं, बाजेची सुंभं ताणली, विहिरीचा रहाट कुरकुरत होता त्याला तेल घातलं. मी भूमितीचं प्रमेय पाठ करत होतो. आबांचं बोलणं चालूच होतं, म्हणून मी कानात कापसाचे बोळे घातले. आबांच्या बोलण्याला अधूनमधून मान हलवली की भागतं, हा माझा लहानपणापासूनचा अनुभव होता.

थोड्या वेळानं आबा दारात येऊन काहीतरी म्हणाले. मी मान हलवली. ते पुन्हा काहीतरी म्हणाले, बाहेर हात करून. मी जरा जास्त जोरात मान हलवली. ते खूश होऊन गेले.

ते काय म्हणाले होते, हे मला आईनं नंतर सांगितलं.

“आरं, म्होरं लई हराळी माजलीया. सायबाला येळ घावत नसंल. काढू का?”

माझी मान : काढा!

“मुळासकट काढावी लागंल बरं का. न्हाय तर पुन्ना फुटतीया.”

माझी मान : मुळासकट!

ज्यांनी शेती केली नाही त्यांना सांगतो, हराळी म्हणजे शेतकऱ्याची सात जन्मांची वैरीण. आबांचं निम्मं आयुष्य ती खणण्यात गेलेलं. आणि वकीलसाहेबांची हैदराबादी हिरवळ म्हणजे, तिला कितीही शेरवानी घाला, हराळीच होती!

आबांनी कुदळ शोधली. आईनं पदर खोचला. (आई तांदळातले खडे वेचावेत तशी सहज हराळी वेचते.) पण रोजच्या पाण्यावर पोसलेली ती मुळं अशी खोल गेलेली की कुदळ हरली. आबा कपाळाचा घाम पुसत फाटकाशी उभे राहिले. तेवढ्यात रस्त्यानं एक शेतकरी लोहाराकडून नांगराचा फाळ शेवटून, म्हणजे त्याला धार काढून, घेऊन चाललेला. पुढं बैलजोडी, जुवावर उलटा टाकलेला नांगर.

“राम राम पाव्हणं! कुठलं गाव?” आबांनी विचारलं.

त्यानं गाव सांगितलं. ते निघालं आईच्या मावशीचं गाव! मग काय विचारता! मावशी कशी आहे, तिच्या सुनेचं कसं चाललंय, सगळं झालं, आणि तो भला माणूस म्हणाला, “एवढ्याशा तुकड्याला कुदळ कशाला आबा? फाळ नवा शेवटलाय, नांगराची चार तासं मारून देतो की.”

फाटक टांग्यासाठी केलेलं, ऐसपैस. बैल आरामात आत आले.

मी आत वर्तुळाच्या स्पर्शिकेत अडकलेलो. एकदा मला खिडकीतून बैलाचं शिंग गेल्यासारखं वाटलं. पण परीक्षेच्या दिवसांत डोळ्यांपुढं काहीबाही दिसतं, म्हणून मी तोंडावर पाणी मारून पुन्हा पुस्तक उघडलं.

वकीलसाहेब टांग्यातून उतरले तेव्हा शेतकरी बैलांसह केव्हाच गेलेला होता. आबा धोतराचा सोगा वर खोचून, मातीनं माखून, हसत फाटकाशी सामोरे आले.

“या सायेब! समदी काढली बगा. एक मुळी ऱ्हायली न्हाय. आता उगवायची न्हाय परत!”

वकीलसाहेब बघत राहिले. समोर काळीभोर ढेकळं, सरळ रेघेत तासं, आणि कडेला एक साळुंकी किडे टिपत होती.

“गवत कुठंय?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“बैलांनी खाल्लं की! लई आवडीनं खाल्लं!”

वकीलसाहेब पायरीवर बसले. मग एकदम “बर्खुरदाऽऽर!” अशी हाक आली. ती कापसाच्या बोळ्यांतूनही आली. मी धावत बाहेर गेलो आणि क्षणभर मला वाटलं, आपण चुकून आमच्या ईटच्या शेतात आलो.

“हे तुमचे वालिद?”

नाही म्हणावं, असा एक पापी विचार मनात आला. पण तेवढ्यात आबाच म्हणाले, “व्हय व्हय, म्याच बाप! त्यानंच सांगितलं मुळासकट काढा म्हणून!”

झालं! वकीलसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. आरोपीनं भर कोर्टात कबुली द्यावी आणि वकिलानं कागद मिटावेत, तसं बघितलं.

“उद्या सकाळी खोली रिकामी करा,” ते म्हणाले.

परीक्षा तोंडावर आलेली. दुसरी खोली मिळायची म्हणजे महिना मोडणार. आबांना आत्ता कुठं काहीतरी चुकल्याचं जाणवलं.

“का बरं? काय झालं?”

“आबा, ती मुद्दाम लावली होती,” मी कसंबसं म्हणालो.

“काय?”

“हराळी.”

“मुद्दाम?” आबांनी वकीलसाहेबांकडं पाहिलं. दुखणाईत माणसाकडं बघतात तसं. मग आईला हळूच म्हणाले, “सायबाच्या डोस्क्याला कोर्टाचा ताप जास्त हाय गं.”

हे हळूच म्हणणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं असावं. कारण आतून बाईसाहेब बाहेर आल्या. वकीलसाहेब त्यांच्यावर उखडले, “तुम्ही घरात होता ना? थांबवलं का नाही?”

“बैल आले तेव्हा वाटलं, तुम्हीच पाठवले असतील,” बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या. “मी चहासुद्धा दिला सगळ्यांना.” (तुळशीकडं बघून त्या किंचित हसल्या, असं मला आजही वाटतं. पण शपथेवर सांगणार नाही.)

“आता जज्जसाहेबांना ओट्यावर बसवा,” त्या म्हणाल्या.

“हरगिज नाही! बागेत बोलावलंय, बागेतच बसवणार!”

आबा पुढं झाले. “सायेब, काळजी करू नगा. पाणी मारतो, चोपून देतो. खळ्यावानी गुळगुळीत करून देतो बगा.”

आणि खरंच, मी, आबा आणि आई अशा तिघांनी ढेकळं फोडली, पाणी शिंपडलं, बडवणीनं चोपलं. वर सतरंजी अंथरली, वेताच्या खुर्च्या मांडल्या. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. फक्त खळं वाळायला दोन दिवस ऊन लागतं, एवढी एकच गोष्ट घाईत सगळे विसरले.

जज्जसाहेब आले. मोठा देह, पांढरा सूट, चेहऱ्यावरची रेघ न हलणारी. बसले. वकीलसाहेब शेजारी बसले. कपबश्या आल्या. मी बिस्किटांची बशी घेऊन उभा.

पहिल्या घोटाला मला वाटलं, जज्जसाहेब जरा बुटके दिसतायत. दुसऱ्या घोटाला ते निश्चितच बुटके झाले होते. खुर्चीचे पाय सतरंजीसकट चिखलात चालले होते. अगदी सावकाश, न्यायालयाच्या कामकाजासारखे! वकीलसाहेब अंगानं किडकिडीत, त्यामुळं त्यांची खुर्ची जागच्या जागी. आता पंचाईत ही की, जज्जसाहेबांपेक्षा उंच बसणं शिष्टाचारात बसत नाही. वकीलसाहेब हसत हसत, हवापाण्याच्या गप्पा मारत, ढुंगणानं आपली खुर्ची खाली दाबू लागले. ती दबेना. तिकडं जज्जसाहेबांचे गुडघे हनुवटीच्या दिशेनं येत होते, आणि ते मात्र काहीच घडत नसल्यासारखे विचारत होते, “यंदा उन्हाळा कडक दिसतो?”

“जी हाँ, फार कडक,” वकीलसाहेब म्हणाले, आणि त्यांनी एक मोठा हिसडा दिला.

त्या हिसड्यानं सतरंजी ओढली गेली. जज्जसाहेबांची खुर्ची मागं कलली, आणि जज्जसाहेब पाय वर करून, हातातला कप तसाच सरळ धरून, उताणे झाले!

मी बिस्किटांची बशी पुढं केली. (का, ते विचारू नका. माझ्या हातात तीच होती.) आबा मात्र ओट्यावरून झेपावले, जज्जसाहेबांच्या बगलेत हात घातले आणि गाळात रुतलेल्या वासराला काढावं तसं त्यांना उचलून ओट्यावर नेऊन बसवलं.

“लागलं न्हाय न्हवं?” आबा त्यांची पाठ झटकत म्हणाले. पाठ झटकता झटकता आबांच्या हाताचा सगळा चिखल सुटावर उमटला.

मग जज्जसाहेबांच्या त्या रेघ न हलणाऱ्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आधी ओठ, मग गाल, मग पोट. ते हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं. “या गावात येऊन तीन आठवडे झाले,” ते म्हणाले, “माझ्यासमोर कुणी धड हसतसुद्धा नाही हो!”

मग आईनं गावाकडून आणलेले धपाटे आणि शेंगांची चटणी निघाली. जज्जसाहेब, आबा आणि शेवटी वकीलसाहेबही ओट्यावर मांडी घालून दिवस मावळेपर्यंत बसले. जाताना जज्जसाहेब म्हणाले, “वकीलसाहेब, इतका आनंद फार दिवसांत झाला नव्हता. पुन्हा बोलवा.”

फाटक लावून वकीलसाहेब माझ्याकडं वळले. “बर्खुरदार, खोली राहू द्या. पण वालिद यायचे असतील तेव्हा आधी इत्तला द्यायची.”

मॅट्रिक मी पास झालो, पुढं नोकरी लागली. काही वर्षांनी लोहारा गावाचं एक स्थळ सांगून आलं. मुलीचे वडील चौकशीसाठी थेट वकीलसाहेबांकडं गेले. तेव्हा मुलाच्या घरमालकाकडं चौकशी करायची पद्धतच होती. मी ओट्याच्या आडोशाला घाम पुसत, कान लावून उभा.

“मुलगा कसा आहे?” त्यांनी विचारलं.

वकीलसाहेब वकील असले तरी खरं बोलण्याची त्यांना सवय होती.

“मुलगा अगदी निरुपद्रवी आहे,” ते म्हणाले. “स्वतः काहीही करत नाही. कुणी काही विचारलं तर फक्त मान हलवतो.”

मुलीच्या वडिलांनी जागेवरच होकार दिला.

लग्नाला आता इतकी वर्षं झाली. बायकोला मी परवा विचारलं, “वकीलसाहेबांनी तेव्हा माझी अशी शिफारस करावी, हे जरा जास्तच झालं नाही का?” ती म्हणाली, “शिफारस राहू द्या, त्यातलं एक अक्षरसुद्धा खोटं निघालं असतं तर मी बोलले असते.”

मी मान हलवली.