आधण उतरेपर्यंत

कागलच्या अलीकडं बाळासोंच्या गुऱ्हाळावर जयसिंग गुळव्या होता. उसाचा रस उकळायला लागला की गुळव्यानं काहिलीपासून, त्या भल्यामोठ्या कढईपासून, हलायचं नाही. जरा नजर हटली की कढत्या रसाचं सगळं आधण करपलंच. जयसिंग तर भलताच हट्टी. त्याची बायको अंजना तिथंच चिपाडं वाळवायची. "तुमचं लगीन माज्याशी झालंय का काहिलीशी?" ती करवादायची. मग तो हसून वाटीभर कोमट काकवी तिच्यापुढं धरायचा आणि भांडण तिथंच मिटायचं.

सत्त्याण्णव सालच्या हंगामात एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली. घामानं तो निथळत होता, पण पेटत्या चुलवाणापुढं कोण निथळत नाही? अंजनानं तोंड पुसायला टॉवेल दिला, एवढंच. डावा हात चोळत तो म्हणाला, "पित्त हाय गं. आधण उतरलं की जातो की डाक्टरकडं." तिलाही ते पटलं.

आधण उतरलं. गूळ पिवळाधमक झाला. वडापच्या जीपमध्ये अंजनाच्या मांडीवर डोकं ठेवून जयसिंग कोल्हापूरला निघाला, आणि दवाखान्याच्या दारातच संपला. "कळ आल्या आल्या आणायचं होतं," डॉक्टर म्हणाले. असलं शहाणपण मेलं नेहमी मागाहून येतं!

तरी दर हंगामाला अंजना त्याच गुऱ्हाळावर कामाला जात राहिली. लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं. कसलं दगडाचं! रसाचा गोड वास सुटला की वाफेआड जयसिंग उभा आहे असं तिला वाटे, आणि वाफ विरली की जीव तीळतीळ तुटे. त्या वाफेसाठीच ती यायची.

बऱ्याच वर्षांनी नवा गुळव्या कृष्णात ऐन आधणाच्या वेळी छाती दाबून वाकला. "पित्त हाय आक्का, काय न्हाय."

अंजनानं त्याचा दंड धरून त्याला ओढलंच. "जळू दे त्ये आधण! गाडी काडा आदी!" बाळासो "हां हां" म्हणेपर्यंत दोघं जीपमध्ये होती. मागं काहिलीत कोळसा झाला.

दवाखान्यात कृष्णातचा ईसीजी काढला, रक्त तपासलं. काहीच निघालं नाही. तो हसत बाहेर आला. "आक्का, उगंच आधण घालवलंस की! पित्तच हुतं."

अंजना पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

कृष्णात गोंधळला. "आता गं का रडतीस? मला काय बी झालेलं न्हाय."

"व्हय रं बाबा," ती म्हणाली, "त्येंचं बी पित्तच असाया पायजे हुतं."