हातानेच आवळलेले दोन स्क्रू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मार्कुसला – माझ्या नवऱ्याला – सुद्धा नाही. सांगायला बसते आणि मधेच दुसरंच काहीतरी बोलायला लागते. आजही तसंच होईल का, माहीत नाही.

मी मूळची औरंगाबादची. २०१६ साली जर्मनीत, इंगोलश्टाटच्या एका मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते. माझं काम एकच – गाडीचा कुठला स्क्रू किती जोराने आवळायचा हे ठरवणं. हसू येतंय ना?

सासरे जन्मभराचे शिकारी. मी त्यांना पापाच म्हणायचे. त्यांच्या नादाने मीही परीक्षा देऊन शिकारीचा परवाना काढला. आईला अजून वाटतं, बौद्ध घरातली मुलगी प्राणी मारते हाच माझा दोष. पण मी सांगतेय तो वेगळाच – खोटं न बोलण्याचं शीलही आम्ही लहानपणी रोज म्हणायचो की.

पापांची जुनी रायफल एका कारागिराने हाताने बनवलेली होती. ती झिजली, तेव्हा कारखान्यात तयार झालेली साधी रायफल घ्या म्हणून मीच मागे लागले. त्यांना भरवसा नव्हता. आणि खरंच, नवी रायफल पहिल्या दोन गोळ्या नेमक्या लावायची, नळी तापली की तिसरी भरकटायची. दस्त्याचं लाकूड पुढच्या बाजूला नळीला घासत होतं, बाकी काही नाही. त्यांच्या तळघरात बसून मी रायफल खोलली, ते लाकूड थोडं तासलं, परत जोडली. दस्ता धरून ठेवणारे दोन स्क्रू असतात – ते हातानेच आवळले. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळायचा पाना, ऑफिसात होता. सोमवारी आणून मापाने आवळू, असं ठरवलं होतं. ठरवलं होतं ना? की आता तसं वाटतंय?

जेवताना पापांनी विचारलं, "स्क्रू मापाने आवळलेस ना?"

"गेनाऊ," मी म्हटलं. अगदी बरोबर.

का म्हटलं? "अजून नाही" म्हणायला काय लागत होतं? ते रागावले नसते. मला आजही कळत नाही.

रेंजवर तीन गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्या. पापा खूश झाले. मी रेंचचं विसरले – किंवा आता गरज नाही असं समजले. मग ते त्या रायफलने जंगलात जायला लागले.

नोव्हेंबरात त्यांनी एका हरणावर गोळी झाडली. माग काढणारा कुत्रा आणला, तरी हरीण सापडलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. पुढचा पाय तुटलेला, अजून जिवंत. पापा त्याच्याजवळ किती तरी वेळ गुडघ्यावर बसून राहिले. मी मागे उभी होते.

घरी आल्यावर म्हणाले, "तूच साफ कर." मी रायफल घेतली आणि पुढचा स्क्रू बोटांनीच फिरला. अगदी सहज – झाडता झाडता सैल झाला होता. त्याच वेळी वर जाऊन सांगायला हवं होतं. पापा स्वयंपाकघरात होते, बारा पायऱ्या वर. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून रेंच आणला आणि दोन्ही स्क्रू मापाने आवळले. तेव्हा मी काय वाचवत होते – त्यांना की मला?

आठवड्याने पापांनी रायफल बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे तपासायला नेली. त्याने स्वतः झाडून पाहिली. "निर्दोष आहे," तो म्हणाला. पापांनी आपले दोन्ही हात समोर धरले, उलटसुलट करून पाहिले.

"तर मग हे," ते म्हणाले.

मी रायफल पिशवीत घातली आणि चेन लावली.

खरंच स्क्रूमुळे गोळी भरकटली का? कॉफी ओतताना त्यांचा हात कधी कधी हलायचा, हेही खरं. दोन्ही असेल. तपासता आलं असतं – पण ते स्क्रू आवळून मी तपासण्यासारखं काही ठेवलंच नाही.

त्यांनी परवान्याचं नूतनीकरण केलं नाही. पुढच्या वसंतात शिकाऱ्यांच्या मंडळाने त्यांचा निरोप समारंभ केला. पापा उभे राहिले आणि वयस्कर मंडळींना त्या हरणाची गोष्ट सांगितली, काहीही न लपवता. "हात साथ देईना की थांबा. मला उशीर झाला, त्याची किंमत एका जनावराने मोजली," असं म्हणून ते खाली बसले. त्यानंतर ते तीन वर्षं जगले, आणि तेच खरं मानून गेले.

त्या हॉलमध्ये सगळ्यांनी त्यांच्या प्रामाणिकपणासाठी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. मीही वाजवल्या.