दोघांना दिसेल असा लॅपटॉप

कापगतेभाऊ लॅपटॉप उघडायच्या आधी दुसरी खुर्ची ओढत. मी चहा गाळत असले, फोनवर असले, तरी घाई करत नसत. झाकणावर हात ठेवून नुसते वाट पाहत बसत. एकट्यानं स्क्रीन पाहायची नाही हा त्यांचा नेम होता. सडक अर्जुनीला, हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानावरच्या माडीवर आमचं ऑफिस. मोठा ट्रक गेला की खिडकीची तावदानं थरथरतात. जुन्या गावतलावांची मोजणी करायची, दुरुस्तीचे नकाशे काढायचे आणि खर्चाचं अंदाजपत्रक करून गावाला द्यायचं, हा आमचा धंदा. भाऊ आणि मी भागीदार. दोघंही सिव्हिलचे डिप्लोमावाले. वयानं ते माझ्या वडिलांएवढे, आणि मी कामठ्याची, लग्न करून इकडे आलेली, जिभेनं जरा तिखट. अशी जोडी ऑफिसात टिकली कशी, याचं गावाला नवल वाटे.

दुसरी खुर्ची कशासाठी, तर वाचनासाठी. अंदाजपत्रक बाहेर जाण्याआधी एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं स्क्रीनवर बोट ठेवून पाहायचं. मग जागा बदलायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. मला सुरुवातीला या प्रकाराचा मनस्वी कंटाळा यायचा. शाळेत पाढे म्हणून घ्यावेत तसं काय हे, असं मी एकदा बोललेही. भाऊ म्हणाले, "आपलंच लिवलेलं आपल्याले बरोबरच दिसते. पाह्याले दुसरा डोळा लागते." त्यात तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं. पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, माती कमी धरली गेली तर भर पावसात पाळ फुटते आणि खालच्या बांध्यांतली, म्हणजे धानाच्या शेतांतली, रोवणी वाहून जाते. ज्यांची जाते ते लोक आमच्या ओळखीचे असत. एखाद्या लग्नाच्या पंगतीत त्यांच्याच शेजारी बसून जेवायचं असतं. म्हणून खुर्ची.

आता गंमत सांगते. आमच्या ऑफिसातला पहिला लॅपटॉप भाऊंनी निवडला आणि ते साफ चुकले. भाऊ कोहळी समाजाचे. त्यांच्या वाडवडिलांनी या भागात तलाव बांधले, आणि अजूनही या लोकांना भरलेला तलाव दिसला की डोळे निवल्यासारखे होतात. दुकानात त्यांनी एकच प्रश्न विचारला: साठवण किती? दुकानदारानं सगळ्यात मोठी हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप पुढे केला. भाऊ खूष. रॅम किती, प्रोसेसर कोणता, बॅटरी किती वेळ चालते, काही नाही. एवढ्या साठवणीत आपल्या तालुक्यातले सगळे तलाव मावतील, असं सांगत ते तो घेऊन आले.

मावले असते हो. पण एक नकाशा उघडायला लावला की भाऊ खाली उतरून पान लावून येत, आणि तरी स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतच असे. मी टोमणे मारायला कमी केलं नाही. आणखी एक पान घ्या भाऊ, नकाशा अजून अंघोळीला गेला आहे, असं म्हणायची. असे काही आठवडे गेले. मग एक दिवस भाऊ आपणहून म्हणाले, "वर्षा, तलाव त आपन मोठा घेतला, पन तुडूम ठेवलंच नाही." तुडूम म्हणजे तलावातलं पाणी शेताकडे सोडायचं तोंड. ते अरुंद असलं तर वर कितीही पाणी असो, खाली धान वाळायचंच. रॅमचं काय काम असतं हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण समजलं त्या दिवशी. आपली फजिती लपवणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगत, आणि माझा अंघोळीचा टोमणाही त्यात घालत.

या फजितीनंतर भाऊंना नादच लागला. तालुक्यात कुणालाही धंद्यासाठी लॅपटॉप घ्यायचा झाला की माणूस आमची माडी चढे. भाऊ त्याला बसवत आणि लॅपटॉप सोडून बाकी सगळं विचारत. बसतोस कुठं, लाईट किती वेळ जाते, कोंडा-धूळ किती, टेबल आहे की मांडीवर घेतोस, आकडे जास्त टाकतोस की अक्षरं. राईस मिलवाल्याला त्यांनी सांगितलं की पैसा पातळपणावर घालू नको, अंकांची वेगळी बटणं असलेला कीबोर्ड घे आणि रोज फडक्यानं पुसत जा. हायवेवरच्या एका ढाबेवाल्याच्या डोक्यात पुतण्यानं मोठं ग्राफिक कार्ड भरवून दिलं होतं. भाऊंनी त्याला शांतपणे विचारलं, "तू बिलं काढून राहिला का सिनेमा?" तो हसत उठला आणि साधा, मजबूत लॅपटॉप घेऊन आला. रॅम पुढे वाढवता येते का, हे मात्र भाऊ प्रत्येकाला विचारून यायला सांगत. धंदा वाढतो, त्याच्याबरोबर यंत्रालाही वाढू द्यावं, असं त्यांचं म्हणणं.

स्वतःच्या ऑफिसासाठी त्यांचा एक हट्ट कायम होता: स्क्रीन मोठी. दोघांना दिसली पाहिजे. दुसरा लॅपटॉप आम्ही घेतला तो असा अगडबंब, की पाळीवर नेताना माझा खांदा दुखून यायचा. मी कुरकुर केली की भाऊ पिशवी स्वतःच्या गळ्यात अडकवत आणि पुढे चालू लागत. मोजणीच्या जागी ते दोन्ही हातांवर लॅपटॉप धरून उभे राहत, मी टेप वाचून आकडे घालायची. माझ्यासमोर टेबलासारखे उभे राहिलेले भाऊ, डोक्यावर दुपट्टा, आणि स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून वाकलेली त्यांची पाठ. आता कुठल्याही पाळीवर चढले की आधी तेच दिसतं. आणि मग दिसेनासं होतं.

भाऊंच्या घरी वहिनींच्या किडन्या बिघडल्या त्या वर्षी आमचा हा अगडबंब लॅपटॉपही थकला. बॅटरी फुगली, मधूनच बंद पडायला लागला. वहिनींना डायलिसिससाठी घेऊन भाऊ सारखे धावपळीत असत. मुलगा पुण्याला नोकरीत. तो त्यांना तिकडेच बोलावत होता, हे मला ठाऊक होतं. पण भाऊ काही बोलत नव्हते आणि मीही विचारत नव्हते. न विचारलेली गोष्ट घडत नाही, असा माझा एक खुळा समज आहे. भाऊ जाऊन-येऊन राहतील, काम थांबणार नाही, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

नवा लॅपटॉप घ्यायला आम्ही एसटीनं गोंदियाला गेलो. या वेळी मी पूर्ण तयारीनिशी होते. सोळा जीबी रॅम, एसएसडी, मधला चांगला प्रोसेसर, उन्हात न चकाकणारी स्क्रीन, अंकांची बटणं, आणि पडदा मोठ्यात मोठा. भाऊंनी पहिल्या सगळ्याला मान डोलावली. मग ते मोठे लॅपटॉप सोडून भलतीकडेच गेले. लहान, हलके लॅपटॉप एकेक करून उचलायला लागले. डावा हात कोपरात वाकवून त्यावर एक ठेवला, उजवा हात मोकळा सोडला, आणि तसेच दुकानात चार पावलं चालले. दुकानदाराला वाटलं, काका हौशी दिसतात. म्हणाला, "मॅडम, आजकल सब यही ले जाते हैं, वजन कुछ भी नहीं." अंकांची बटणं यात नव्हती. ती वेगळी जोडता येतात, असं भाऊंनी मी तोंड उघडायच्या आधीच सांगून टाकलं.

मी म्हटलं, भाऊ, एका हातात धरायचा कशाला, धरायला तुम्ही आहात ना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुकानदाराला म्हणाले, हाच बांधा. ते जाणार, हे मला तेव्हा कळलं. मी भर दुकानात सांगितलं की मला हा नको, मी घेणार नाही, यात दोघांना दिसत नाही. लोक पाहायला लागले. भाऊ हळू आवाजात म्हणाले, "मोठा घेशील त दुसरी खुर्ची ओढत बसशील. कोनासाठी ओढशील, वर्षा?"

परतीच्या एसटीत गोरेगाव जाईस्तोवर मी त्यांच्याशी बोलले नाही. ते जाणार याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठा राग या गोष्टीचा, की ते मला त्यांनी असं परक्या दुकानदारासमोर कळू दिलं. मग त्यांनीच सांगितलं. मुलानं पुण्यात दवाखान्याजवळ घर पाहिलं होतं, वहिनींना डायलिसिससाठी सारखा एसटीचा प्रवास सोसत नव्हता. तोंडानं सांगणं जमत नव्हतं, असं ते म्हणाले. नवा लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. खरंच वजन कळत नव्हतं, आणि मला ते हलकेपण जाचत होतं.

पुण्याची गाडी गोंदियातूनच सुटते, त्यामुळे ती फलाटाला आधीपासून उभी असते आणि निरोप फार लांबतो. वहिनी आत आडव्या झाल्या होत्या. भाऊ खिडकीशी बसून मला कोणत्या गावाचं काम कुठवर आलं ते पुन्हा पुन्हा सांगत होते, जणू मला माहीतच नव्हतं. मी हो हो म्हणत होते. गाडी हलली तेव्हा आमचं बोलणं एका सांडव्यावर अर्धं राहिलं.

ते गेल्यावरचं पहिलं अंदाजपत्रक मी तयार केलं आणि ते बाहेर पाठवायचा धीर होईना. रोज उघडायची, रोज बंद करायची. शेवटी फोन लावला. फाईल पाठवते, एकदा नजर टाका, एवढंच म्हटलं.

"पाठवू नको," भाऊ म्हणाले. "पाठवशील त मी पाहीन. अन् मी पाहीन त तू पाहनार नाही."

मला इतका संताप आला की मी फोन कट केला. बापाच्या मायेनं वागवायचं आणि ऐन वेळी हात काढून घ्यायचा, ही कुठली रीत? दोन दिवस धुसफुसत राहिले. मग दार लावून घेतलं आणि मोठ्यानं वाचायला बसले. स्वतःच वाचायचं, थांबायचं, पुन्हा स्वतःच बोट ठेवून पाहायचं. खालच्या टायरवाल्यानं हाक मारून विचारलं, ताई, कोणाशी भांडून राहिल्या? दुसऱ्यांदा वाचताना कानाला खटकलं. आतल्या उताराचे दगड मी दोनदा धरले होते, आणि त्याच्या भरात पाळीच्या टोकाची माती गाळली होती. ते टोक म्हणजे ज्या बाजूनं पाणी पाळीवर चढतं तेच.

दुरुस्त केलं, पुन्हा वाचलं, पाठवलं. उन्हाळ्यात काम झालं. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला, सांडव्यावरून पाणी गेलं आणि पाळ जागची हलली नाही. खालच्या बांध्यांत रोवणी उभी होती. मी पाळीवरूनच भाऊंना फोन लावला. दगडांपासून मातीपर्यंत सगळं सांगितलं, चूक कशी सापडली तेही. फोनमधून मागे कुणाच्या तरी घरातला कुकर शिट्ट्या देत होता.

"म्हंजे आता माह्यं तिथं काई काम नाही," ते म्हणाले. केवढ्या आनंदानं म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांचा एवढा सुखी आवाज ऐकला नव्हता.

मीही हो म्हटलं, हसले, वहिनींची चौकशी केली. फोन ठेवला आणि तिथंच पाळीवर बसून ओढणीत तोंड घालून रडले. तोवर मी मनात धरून होते, की एक दिवस माझं अडेल, आणि भाऊंना परत यावंच लागेल.