खालून चौथा नंबर

आमचा क्लब फारसा जिंकत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको. त्याचं नावही सांगणार नाही. ह्यूस्टनच्या मराठी मंडळींत ते जेवढ्या वेळा सांगितलं तेवढ्या वेळा समोरच्याने "कोण?" असं विचारलंय, आणि आता माझ्यात तेवढी सहनशक्ती उरलेली नाही. इंग्लंडच्या उत्तरेला एक लहानसं, कायम ओलं, विटांच्या घरांचं गाव आहे, तिथला हा क्लब. नागपूरहून इंजिनिअर होऊन बाहेर पडले तेव्हा माझी पहिली नोकरी त्या गावात होती आणि भाड्याची खोली स्टेडियमच्या मागच्या गल्लीत. शनिवारी दुपारी अख्खी गल्ली एकाच रंगाचे मफलर घालून चालू लागायची. मी खिडकीतून बघत बसायची. एका शनिवारी घरमालकीणबाईंनी माझ्या गळ्यात एक मफलर टाकला आणि म्हणाल्या, चल. त्या दिवशी आम्ही हरलो. 'आम्ही' म्हणायला मला ती एक मॅच पुरली.

पुढे मी तेल कंपनीच्या नोकरीसाठी टेक्सासला आले, ह्यूस्टनजवळ शुगर लँडला घर झालं, संसार झाला. मफलर कपाटात होता, कारण इथे मफलर घालायची वेळ वर्षातून दोनदा येते. आणि इतक्या वर्षांनी आमचा क्लब एकेक पायरी चढत सर्वांत वरच्या डिव्हिजनमध्ये पोहोचला. मी स्वयंपाकघरात नाचले. माझा नवरा मुंबईचा, त्याच्या लाडक्या क्लबकडे करंडक ठेवायला कपाट पुरत नाही. तो कॉफी पीत म्हणाला, "अभिनंदन, यार. पण एका वर्षाचे पाहुणे हां हे."

तो काही चुकीचं बोलत नव्हता. त्या डिव्हिजनचा नियम साधा आणि निर्दयी आहे. मोसम संपला की तळाच्या तीन क्लबांना खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलतात, आणि नवे वर आलेले बहुधा त्या तिघांतच सापडतात. ऑफिसात हे समजावताना माझी दमछाक होते. अमेरिकेत शेवटून पहिल्या आलेल्या टीमला पुढच्या वर्षी नवा खेळाडू आधी निवडू देतात, म्हणजे नापास झालेल्याचे लाडच. तळाला राहिलं तर घरातूनच बाहेर काढतात हे ऐकून माझा अमेरिकन सहकारी हळहळला. मी म्हटलं, बाबा रे, म्हणूनच तर आम्ही बघतो.

डिसेंबर सरता सरता माझे बाबा नागपूरहून आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. तेव्हा आमचा क्लब खालून दुसरा होता आणि मी घरात कुणाशी धड बोलत नव्हते. बाबांना शुगर लँड आवडलं नाही. "इथं माणूस रस्त्यावर दिसतच नाही, नुसत्या गाड्याच फिरून राहिल्या," म्हणाले. दुधाची पिशवी आणायलाही मुलीला ड्राइव्ह करावं लागतं, याचा त्यांना फार अपमान वाटायचा. पहिल्या शनिवारी सकाळी कानटोपी घालून ते माझ्या शेजारी सोफ्यावर बसले. मला वाटलं, आता विचारतील, हे काय लावलंय. अर्धा तास त्यांनी मॅच बघितली. मग म्हणाले, "तो मागं बचावाला उंच बॅक आहे ना, पोट्टा चांगला आहे. पण त्याचा डावा पाय फक्त उभं राहायला आहे."

मी विसरलेच होते. बाबा नागपूरजवळच्या कामठीचे. कामठीच्या माणसाला फुटबॉल शिकवायचा नसतो. तरुणपणी ते मोहल्ल्याच्या टीममधून बॅक खेळायचे, मुरमाच्या मैदानावर, अनवाणी. त्यांच्या उजव्या अंगठ्याला नख नाही, त्याचं कारण तेच. त्या दिवसापासून शनिवार-रविवारच्या सकाळी आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. बाबा पहाटे उठून आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसायचे. तिसऱ्या आठवड्यात माझा मफलर त्यांच्या गळ्यात गेला आणि परत काही मिळाला नाही.

दोन घरं सोडून राहणाऱ्या काकू मूळच्या पुण्याच्या, मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या. सून-मुलगा वीकेंडला उशिरापर्यंत झोपतात म्हणून आमच्याकडे चहाला यायच्या. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाबा समजावून सांगायचे आणि काकू "अगबाई, एवढे धावतात नि एकही गोल नाही?" असं म्हणत साबुदाण्याची खिचडी वाढायच्या. फेब्रुवारीपर्यंत त्या रेफ्रीला शिव्या देऊ लागल्या होत्या. अर्थात पुणेरी शिव्या, अहो-जाहो करून.

मार्चमध्ये आम्ही ओळीने हरलो. मॅचनंतर टीव्हीवर सूट घातलेले तज्ज्ञ बसतात, त्यांतल्या एकाने सुस्कारा टाकून सांगितलं की हे लोक मेहनती आहेत, पण खरं सांगायचं तर ही त्यांची जागा नव्हे. मी रिमोट उचलला. बाबांनी हात धरला.

"राहू दे. हे वाक्य मी ऐकलेलं आहे," ते म्हणाले. "नोकरीतला माझा पहिला दिवस. आपल्या वस्तीतून त्या ऑफिसात अधिकारी झालेला मी पहिला. एक जण दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू जाईल असं, की आला आहे खरा वर, पण ही याची जागा नाही. किती टिकते पाहू."

"मग?"

"मग काय? टिकलो. रिटायर झालो तेव्हा हार त्यानंच घातला."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या आठवड्यात मला "कुठल्या कॅटेगरीतून?" असं विचारलं गेलं तेव्हा मी घरी येऊन रडले होते, तेव्हाही नाही. तेव्हा ते फक्त म्हणाले होते, उद्या क्लासला वेळेवर जा. सोफ्यावर बसून मला एकदम त्यांचा फार अभिमान वाटला. मी म्हटलं, "चहा टाकू?" ते म्हणाले, "टाक." त्यानंतर आमचा क्लब खाली जाता कामा नये, हे मी फक्त माझ्यासाठी म्हणत नव्हते. बाबा परत जाण्याआधी ती मुलं टिकलेली त्यांना दिसायला हवी होती.

एप्रिलमध्ये दोन मॅच जिंकलो, एक बरोबरीत सुटली. मोसमाचा शेवटचा रविवार आला. सगळ्या मॅच एकाच वेळी, आमच्याकडे सकाळी दहाला. बाबांचं विमान त्याच संध्याकाळी. बॅगा भरून दाराशी उभ्या होत्या. आम्हाला बरोबरी पुरे होती, हरलो तर खाली. समोर वरच्या चार नंबरातला एक बलाढ्य क्लब.

पहिल्या अर्ध्यातच आमच्यावर गोल झाला. नवरा नेहमी चिडवतो, पण त्या दिवशी मुकाट्याने भांडी लावत होता. काकू मांडीवर हात ठेवून ओठांनी काहीतरी पुटपुटत होत्या. मॅच संपत आली, आम्हाला कॉर्नर मिळाला आणि गर्दीतून उडालेला बॉल त्या उंच बॅकच्या डाव्या पायाला लागून आत गेला. लागूनच, मारला असं काही म्हणता यायचं नाही. पण गोल तो गोल. बाबा उभे राहिले. पुढचा सगळा वेळ ते बसलेच नाहीत. "बाहेर मार! बाहेर मार बे!" असं कामठीच्या मैदानावरून ओरडावं तसं ओरडत होते. आणि पोट्ट्यांनी बॉल बाहेर मारला, पुन्हा पुन्हा, शिट्टी वाजेपर्यंत.

मी रडत होते. नवऱ्याने बाबांना मिठी मारली. तेवढ्यात काकू डोळे पुसत म्हणाल्या, "पावला हो माझा गणपती! सकाळपासून देव पाण्यात ठेवलेत मी."

 हे म्हणी-वाक्प्रचारातलं नव्हतं. काकूंनी पुण्याहून आणलेली पितळी मूर्ती त्यांच्या घरी खरोखर स्टीलच्या पातेल्यात, पाण्यात बुडवून ठेवली होती. आमच्या घरात देव्हारा नाही. दीक्षाभूमीवरून आणलेली बुद्धाची छोटी मूर्ती आहे, पण तिच्याकडे आम्ही कधी काही मागत नाही. नवस तर बाबांनी जन्मात केला नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता जायच्या दिवशी वाद.

बाबा हळूच खाली बसले. "ताई, तुम्ही काय मागितलं होतं?"

"अहो, जिंकू दे म्हणून मागितलं! आणखी काय?"

"पण आपण जिंकलो कुठं? बरोबरी झाली."

काकू बोटांवर गोल मोजू लागल्या.

"म्हणजे ही बरोबरी पोट्ट्यांनी स्वतः केली," बाबा म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "त्यांच्या कष्टाचं श्रेय दुसऱ्या कुणाला देऊ नका, ताई. तेवढंच तर असते माणसाजवळ."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. काय समजलं, किती समजलं, मला माहीत नाही. पण त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "खरंय, भाऊसाहेब. त्याला बाहेर काढते बिचाऱ्याला. आणि तुमच्यासाठी डबा देते, विमानातलं खाऊ नका." जाताना दारात थांबून म्हणाल्या, "डाव्या पायाने मारला ना त्याने?"

"डाव्याच," बाबा म्हणाले, आणि इतके हसले की ठसका लागला.

संध्याकाळी मी त्यांना विमानतळावर घेऊन गेले. बाहेर असा दमट उकाडा की काचा पुसाव्या लागत होत्या, आणि हे गृहस्थ इस्त्रीच्या शर्टावर लोकरी मफलर घालून. वयस्क प्रवाशांसाठी मागवतात ती व्हीलचेअर ढकलायला आलेला कृष्णवर्णीय तरुण मफलर बघून हसला. इंग्लिश फुटबॉल त्याला ठाऊक असावा. "तुमची टीम चॅम्पियन झाली का, सर?" त्याने विचारलं.

बाबा खुर्चीत ताठ झाले. नोकरीवर पहिल्या दिवशी असेच ताठ बसले असतील.

"नो," ते म्हणाले. "फोर्थ फ्रॉम द बॉटम." आणि मफलर नीट करून पुढे म्हणाले, "वी स्टेड."