आक्कांच्या नावावरचे पंप

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आक्कांचं काम एकच: कॉम्प्युटरवरच्या टेबलांमधून नको झालेल्या ओळी काढायच्या. नळ बंद केला, काढा. घर पाडलं, काढा. माणूस बदलून गेला, काढा. नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला त्या बजावायच्या, "आधी सिलेक्ट लिहून ओळी डोळ्यांनी बघ, मग त्याचं डिलीट कर. आणि कुठल्या ओळी ते सांगणारं व्हेअर लिहायला विसरलीस तर अख्खं टेबल साफ. सगळंच मुसळ केरात." एवढं काढूनही कचेरीतला पसारा होता तेवढाच होता. झिजल्या त्या आक्का.

निवृत्तीच्या दिवशी साहेब जाता जाता म्हणाले, "आक्का, कर्मचाऱ्यांच्या टेबलातलं तुमचं नावही तेवढं काढून टाका." यात साहेबांना काही वावगं वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर आक्कांनाही नाही.

त्यांनी सिलेक्ट लिहिलं. एकच ओळ आली, त्यांची. डिलीट दिलं तर कॉम्प्युटर अडून बसला: या ओळीला दुसऱ्या ओळी जोडलेल्या आहेत, काढता येणार नाही. बघतात तर शहरातले सगळे पंप त्यांच्या नावावर. पंप बंद पडला की तो ज्याच्या नावावर, त्याचा फोन वाजायचा, मग पहाट असो की समोर जेवणाचं ताट असो. नोकरीला लागल्या त्याच आठवड्यात हेडक्लार्कने "नुसतं नावाला हो" म्हणत हे लचांड त्यांच्या गळ्यात मारलं होतं. आता ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर केल्याशिवाय सुटका नव्हती. आणि आक्कांना आता फक्त झोप हवी होती, उशाशी फोन न ठेवता लागलेली.

शेजारी त्यांच्या हाताखालची मुलगी डबा खात होती. आक्का जमेल तितक्या सहज म्हणाल्या, "पंप तुझ्या नावावर करते गं. नुसतं नावाला."

"मी नाही घेणार, आक्का," ती घास चावत म्हणाली. "घरी तान्हं बाळ आहे, आधीच डोळ्याला डोळा लागत नाही. साहेबांच्या नावावर करा ना, खातं त्यांचं आहे."

ना तिचा आवाज चढला, ना तोंड वाकडं झालं. आक्कांना तिचा राग आला नाही. असं 'नाही' म्हणता येतं आणि म्हटल्यावर काही बिघडत नाही, हे इतक्या वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी पंप साहेबांच्या नावावर केले आणि पुन्हा डिलीट दिलं. ओळ निमूट गेली. आता रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आली ती जांभई, आणि तिच्या मागोमाग दुसरी.