पोर्चमधलं गंगाळ

"डेंगूच आहे, काकू," डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "आमच्या घरात? कसं शक्य आहे?"

कूस बदलली तरी विव्हळत होते, डोळ्यांच्या मागे ठणका लागला होता, तरी मला माझ्या घराच्या इभ्रतीची पडली होती. रायपूरच्या शंकर नगरात आमच्या फरशीला नावं ठेवणारा अजून जन्मायचाय.

पण खरी धास्ती वेगळीच होती. आमची एकुलती एक मेघना नागपूरला दिलेली. सातवा सरत आलेला आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलेलं. गरोदरपणात डेंग्यू झाला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

तिचा फोन आला. रायपुरात वाढलेली पोर, तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. "आई, मैं आऊँ कि नहीं? साफ-साफ बता." "डॉक्टरांना विचारून सांगते," मी म्हणाले. फोन ठेवून मी रडले.

माझी एनएस-वन टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचा अंश रक्तात सापडला होता. मला दवाखान्यात दाखल केलं, मग रोज प्लेटलेट मोजायला रक्त काढायचे. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी. तुमच्यावर किंवा तुमच्या माणसावर ही वेळ आली तर एक लक्षात ठेवा. ताप उतरला की सुटलो असं वाटतं, पण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं ते तेव्हाच. माझा ताप उतरला आणि मी घरी जायचा हट्ट धरला. दुपारी पोटात कळा, उलट्या, आणि सलाइन लागलं. अंगदुखीची गोळीही मनाने घेऊ नका, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

खाटेवर मच्छरदाणी होती. आता चावून काय बिघडणार, असं मी विचारलं.

"काकू, ही तुमच्यासाठी नाही," डॉक्टर हसले. जुन्या रायपूरचे मराठी, बोलणं आमच्यासारखंच. "तुमच्या रक्तात डेंगू आहे. जो मच्छर तुम्हाले चावन, तो दुसऱ्याच्या घरी घेऊन जाईन."

मला भारीच गंमत वाटली. म्हणजे डासांना माझ्यापासून वाचवायचं! मग मला कुणाकडून मिळाला, आणि तो डास वाढला कुठे? हा किडा डोक्यात शिरला तो निघेना.

आमच्या ह्यांचं उत्तर तयार होतं. रेल्वेत नोकरी केलेला माणूस, चूक दुसऱ्या खात्याची असते यावर पक्का विश्वास. "बाजूवाल्यांच्या नालीमुळंच झालं. मी भांडूनही आलो."

"काका, हा मच्छर नालीत नाही जात," डॉक्टर म्हणाले. "याले साफ पाणी लागते, थांबलेलं. घरातच पाहा."

ह्यांनी कूलर पाहिला, कोरडा. फ्रिजमागचा ट्रे कोरडा. कुंड्यांखालच्या थाळ्याही कोरड्या.

मी घरी आले तेव्हा पायांत त्राण नव्हतं. पोर्चमध्ये खुर्चीवर टेकले. समोर सासूबाईंचं पितळी गंगाळ होतं. रायपूर राजधानी झाल्यावर आमच्या गल्लीतल्या बंगल्यांची ऑफिसं झाली. एका ऑफिसच्या दारात पाण्यावर तरंगणारी फुलं पाहून ह्यांनी माळ्यावरचं गंगाळ काढून चकचकीत केलं. मेघना येणार म्हणून रोज ताजा झेंडू. मी दवाखान्यात होते तेव्हाही त्यांनी नेम मोडला नव्हता.

मी एक फूल बाजूला सारलं. पाण्यात बारीक अळ्या डोकं खाली, शेपटी वर करून लटकल्या होत्या. माझ्या हाताची सावली पडताच सगळ्या वळवळत तळाला गेल्या. थोड्या वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर. किळस यायला हवी होती, मी बघतच बसले.

"अहो, इकडे या."

"काहून?" ते वाकले, आणखी एक फूल सारून पाहिलं. "पण मी तर रोज फुलं बदलून राहिलो होतो."

"फुलं. अन् पाणी?"

"पाणी वरून टाकत होतो नं."

सासूबाईंच्या काळी हे गंगाळ आंघोळीसाठी रोज भरायचं, रोज रिकामं व्हायचं. त्यात कोण वाढणार? आम्ही त्याला शोभेचं केलं आणि पाणी थांबलं. मग मला जिकडेतिकडे थांबलेलं पाणी दिसायला लागलं. समोरच्या ऑफिसचं बंद कारंजं. पलीकडे नवा मजला चढत होता, तिथे सिमेंट पक्कं व्हावं म्हणून स्लॅबवर भरून ठेवलेलं तराईचं पाणी.

ह्यांनी गंगाळ अंगणातल्या मातीत ओतलं. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "ओतून नाही भागत, काकू. अंडे कडेले चिकटून राहतात. सुकले तरी मरत नाहीत. घासा."

हे चिंच घेऊन बसले. घासून झाल्यावर बाजूवाल्यांकडे गेले, आधी माफी मागितली आणि मग त्यांची टाकी तपासली! तराईचं पाणी काढून टाकायला मिस्त्री कुरकुरला, पण ऐकलं. गल्लीत नवा ताप कुणाला आला नाही. मेघनाला बोलवायला डॉक्टरांनी होकार दिला, दिवसासुद्धा मच्छरदाणी लावा म्हणाले, कारण हा डास दिवसा चावतो. तेव्हा मी फोन लावला. "ये, बेटा."

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं.

आता रोज सकाळी मी पाय पसरून बसते, नात पायांवर, शेजारी ऊन पाण्याने भरलेलं गंगाळ. शेवटचा तांब्या झाला की हे ते उचलून नेतात. नात दुपट्यात झोपते आणि पोर्चमधून घासायचा खसखस आवाज येतो.

"अहो, हळू! पोट्टी उठन नं."

ते थांबत नाहीत. मीही पुन्हा सांगत नाही.